जावयाची मशीन

शेंगांची ओंजळ पुन्हा मशीनच्या पायरीवर येऊन पडली, तेव्हा मी हार्वेस्टरच्या स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि देवाला विचारलं, एवढ्या मोठ्या मुलखात मला हेच रान कापायला का धाडलंस?

शेंगा ठेवणारी बाई माझ्याकडे न बघता पाठ वळवून निघून गेली. डोक्यावरचा पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलेला, पायात चप्पल नाही, चाल मात्र तरण्या पोरीची. त्या माझ्या सासूबाई, प्रयागबाई. सकाळपासून मशीनच्या मागे मागे भुश्श्यातून चालत होत्या. मध्येच वाकायच्या, दाणे न सुटलेल्या शेंगा वेचायच्या, आणि मी वळायला थांबलो की पायरीवर ठेवून जायच्या. बोलणं नाही, चालणं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी वरूनच चार शब्द सुनावले असते. गिऱ्हाइकाला सुनावण्यात माझं नाव होतं. पण सासूला सुनावणार कसं? आणि त्याहून अवघड म्हणजे, विचारणार तरी कसं?

कारण आमच्या घराण्यात सासू जावयाशी बोलत नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोन लेकरं शाळेत जात होती, पण सासूबाईंनी माझ्याशी थेट शब्द काढला नव्हता. मी ओसरीवर बसलेला असलो की त्या आतून भिंतीला सांगायच्या, "पाव्हण्यांस्नी आणिक एक भाकर घ्या म्हनावं." मग भिंतीऐवजी माझी बायको मीनाक्षी भाकर घेऊन यायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे लेकी बोले, जावया लागे. एरवी त्यात माझं काही बिघडत नव्हतं. उलट ज्यांच्या सासवा बोलतात त्यांचे हाल मी पाहिले होते.

पण त्या दिवशी रानात राजमा होता, आणि राजमा हे पीक मुक्यानं काढायचं नाही.

झालं असं होतं. आमच्या औसा भागात तेव्हा राजमा नवा नवा आला होता. आदल्या साली गावातल्या काही घरांनी बाजारातून बी आणून पेरलं आणि निम्मंही उगवलं नाही. सासूबाईंचं मात्र उगवलं. सासरे वारल्यापासून रान त्याच बघत. भाऊबंदांनी "बाईमाणसाला काय कळतंय" म्हणून नाकं मुरडली होती, तीच माणसं आता बांधावर येऊन पीक बघायला लागली. तेव्हा सासूबाईंनी भर पारावर शब्द दिला की पुढच्या पेरणीला बी मी देते, बाजारात जाऊ नका. शब्द देऊन मोकळ्या झाल्या. गावानंही तो धरून ठेवला.

आता बियाण्याची गोष्ट अशी की दाणा अख्खा पाहिजे. सोयाबीनचे थोडे दाणे फुटले तर व्यापारी तोंड वाकडं करतो, एवढंच. पण राजम्याच्या दाण्याला केसाएवढी चीर गेली तरी तो मातीत कुजतो. वरून टपोरा दिसतो, आतून गेलेला असतो. आणि राजमा वाळला की काचेसारखा. मशीनमधल्या मळणीच्या ड्रमचा फटका जोरात बसला की सरळ डाळच.

एरवी काढणीचं काम बाया करत. उपटायचं, ढीग घालायचा, काठीनं बडवायचं. त्या साली फाल्गुनातच आभाळ भरून यायला लागलं आणि मीनाक्षीनं माहेरी फोन केला, "आई, ह्यांची मशीन रिकामीच आहे." मशीन कधी नव्हे ती रिकामी होती हे खरं, पण ते माहेरी सांगायची काय गरज होती? मी म्हणालो, "अगं, राजम्यात मी कधी घातली नाही ती." ती म्हणाली, "मग कुणाच्या रानात शिकणार? आपल्याच ना?" वकील व्हायची बाई हार्वेस्टरवाल्याच्या पदरात पडली.

आदल्या दिवशी संध्याकाळी सासुरवाडीत पोचल्या पोचल्या मी मीनाक्षीला बजावलं, "पहाटे दहिवर असताना सुरू करायचं. शेंग जरा नरम असते, दाणा फुटत नाही. ऊन चढलं की संपलं. सांग आईला."

मीनाक्षीनं सांगितलं. आतून आवाज आला, "बरं म्हनावं."

पहाटे उठून बाहेर येतो तर चुलीवर कढई. शिरा. मग पोहे. मग चहा. जावई घरातून रिकाम्या पोटी रानात गेला तर गाव काय म्हणेल? मी दोनदा उठलो आणि दोनदा बसवला गेलो. "आज्जाबात उठू नका म्हनावं, धपाटे टाकलेत." धपाटे येईपर्यंत कोवळं ऊन अंगणात आलं होतं. धपाट्याला दही आलं तेव्हा मी मनातल्या मनात मशीनचे सगळे पट्टे तोडून टाकले. जावयाला दशमग्रह म्हणतात. पण त्या ग्रहाला असं पाटाला बांधून ठेवतात, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

रानात पोचलो तेव्हा दहिवर उडून गेलं होतं आणि शेंगा हाताला खुळखुळत होत्या. बांधावरच्या बाभळीखाली दहा-बारा बाया बसलेल्या. त्यांच्यात सोजरबाई मी ओळखत होतो. सासूबाईंच्या रानातली खुरपणी तिची टोळी करायची, आणि तिचं हसू दोन शिवारं ओलांडून ऐकू यायचं. मला वाटलं, जावयाची फजिती बघायला आल्यात. बसा म्हटलं.

पहिली फेरी मारली आणि दाण्याच्या टाकीत हात घातला. ओंजळीत निम्मी डाळ. मग ड्रमचा वेग उतरवला, अगदी खाली. ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्यातलं अंतर हँडलनं वाढवलं, म्हणजे शेंग चिरडली न जाता नुसती घासली जाईल. दुसरी फेरी. टाकीत हात घातला तर दाणे अख्खे, लालबुंद, चकचकीत. जीव भांड्यात पडला. वळायला थांबलो, आणि तेव्हाच शेंगांची पहिली ओंजळ पायरीवर आली.

शेंगा भरलेल्या होत्या. मशीननं न मळताच मागे टाकलेल्या.

आता ह्याचा अर्थ कुठलाही मशीनवाला एकच लावेल. गिऱ्हाईक मागून येतं, शेंग नाकासमोर धरतं आणि म्हणतं, "हे बघा, माल मागं चाललाय." वर्षानुवर्षं मी हेच ऐकत आलो होतो. शेतकऱ्याला टाकीतला फुटका दाणा उशिरा दिसतो, भुश्श्यातली शेंग लगेच दिसते. त्याच्या बापानं त्याला मातीतला दाणा उचलायला शिकवलेलं असतं. मी मीनाक्षीला हाक मारली.

"आईला विचार, शेंगा का ठेवल्या?"

ती गेली. दोघी भुश्श्यात उभ्या राहून बोलल्या. ती परत आली.

"काही नाही म्हणते. बघून घ्या म्हणते."

"काय बघून घेऊ?"

"आता मला काय माहिती? तुम्हीच बघा ना, किती शेंगा चालल्यात मागं."

मी जाळी एक घर वर, ड्रमच्या जवळ घेतली. शेंगा कमी झाल्या, पण टाकीत तुकडे दिसायला लागले. पुढच्या वळणावर पुन्हा ओंजळ. ह्या वेळी जरा लहान. म्हणजे अजून समाधान नाही, असं मी समजलो. ड्रमचा वेग थोडा चढवला. तुकडे वाढले. ऊनही वाढत होतं. पुन्हा ओंजळ आली, आता जेमतेम चार शेंगांची. त्या चार शेंगा मला चार शिव्यांसारख्या लागल्या.

"मीनाक्षी, अगं विचार नीट!"

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. चेहरा अवघडलेला.

"आई म्हणते, राहिलं तर राहू द्या म्हणावं."

"मग राहू देऊ का?"

"अहो, असं कसं?" ती आवाज खाली घेऊन म्हणाली. "ती तुमच्या तोंडावर काय म्हणणार, तुमची मशीन माल सांडते म्हणून? जावयाला कुणी म्हणतं का? जेवताना तुम्ही पुरे म्हणता तेव्हा आम्ही वाढायचं थांबतो का? तसंच आहे हे. वरवर राहू द्या म्हणते, पण जिवाला लागलंय तिच्या. बघा ना कशी उन्हात वेचत फिरते."

मी बघितलं. खरंच सासूबाईंचं तोंड उतरलं होतं. त्या भुश्श्यात उकरत होत्या आणि हाताला काही लागत नव्हतं. बांधावर बायांचं हसणंही थांबलं होतं. सोजरबाई उठून उभी राहिली होती आणि कमरेवर हात ठेवून माझ्या मशीनकडे अशी बघत होती, जणू मशीननं तिची शेळी चोरलीय.

मला काहीच कळेना. शेंगा राहिल्या तरी ओंजळ, नाही राहिल्या तरी उतरलेलं तोंड. इकडे टाकीत माल फुटतोय, तो मला दिसतोय, आणि तो कुणाला सांगायची सोय नाही. गावाला दिलेला शब्द डोळ्यांदेखत माझ्या हातानं भरडला जात होता. मी जाळी आणखी घट्ट केली. रागानंच केली म्हणा. रानाचा निम्म्याहून मोठा तुकडा तसाच काढला.

मग टाकी रिकामी करायला मशीन बांधाला लावली. ताडपत्रीवर राजमा पडला आणि त्याचा आवाजच सांगत होता. अख्खा दाणा पडतो तेव्हा टपटप वाजतो. हा सळसळत पडत होता. मीनाक्षीनं मूठभर उचलला, बघितला आणि परत टाकला. सासूबाई ढिगापाशी उकिडव्या बसल्या. तुकडे एका हातानं बाजूला करत, अख्खे दाणे शोधत राहिल्या.

तेव्हा माझा बांध फुटला. मी मशीन बंद केली, खाली उतरलो आणि मीनाक्षीकडे तोंड करून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडलो.

"सांग तुझ्या आईला! एक तर दाणा अख्खा मिळेल, नाहीतर भुसा रिकामा मिळेल. दोन्ही मिळायचं नाही! ढिली ठेवली की शेंगा मागं जातात, घट्ट केली की दाणा फुटतो. ह्याच्यापुढं माझी अक्कल चालत नाही. सकाळी शिऱ्यात दहिवर गेलं, आता शेंगांपायी बी गेलं. जो काही राग असेल तो एकदा तोंडानं सांगा म्हणावं, शेंगांनी नको!"

मीनाक्षी गोरीमोरी झाली.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "मीने, बाजूला हो तू," म्हणाल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला, कपाळ दिसेल इतका, आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"जावईबापू, मी काय येडी हाय का? सकाळधरनं काय दाखवायले मी तुमास्नी?"

"शेंगा," मी म्हणालो. आवाज एकदम खाली आला होता.

"पहिल्या बारीला भरून ओंजळ आनली का न्हाई? ती कशामुळं आनली? बगा, इतकं राहायलंय, झ्याक हाय, आसंच चालू द्या, म्हनून आनली. तर तुमी आणिक आवळलाव. मग कमी घावल्या, त्या आनल्या. बगा, कमी झालं, म्हनून. तर तुमी आणिकच आवळलाव! शेवटाला चार शेंगा घेऊन आले, तरी तुमचं आपलं आवळायचंच."

"पण शेंगा मागं राहिलेल्या चालतात तुम्हाला?"

"चालतात म्हंजी? पायजेत!" त्यांनी बांधाकडे हात केला. "ह्या बाया कशामुळं बसल्यात सकाळधरनं? माझं रान ह्यांनी खुरपलंय. काढनी बी ह्यांचीच आसती. ती तुमच्या मशीननं खाल्ली. मग मी म्हनलं, काढनी न्हाई तर न्हाई, सरवा तुमचा. मागं जे राहील ते येचून न्या. आन तुमच्या मशीननं तर ढोरालाबी घास ठेवला न्हाई. मी काय तोंड दाखवू ह्यास्नी?"

सरवा. रानात काढणी झाल्यावर मागे राहिलेलं वेचून न्यायचा हक्क. मी लहान असताना आमच्या रानातही बाया सरवा वेचायच्या. मशीन घेतल्यापासून मी तो शब्दच ऐकला नव्हता. कुठल्या गिऱ्हाइकानं तो माझ्यापुढे काढला नव्हता आणि मलाही कधी आठवला नव्हता.

"मग हे आधी सांगायचं ना," मी म्हणालो.

"सांगितलं की. राहू द्या म्हनलं न्हवं?" त्यांनी लेकीकडे बघितलं. लेक चपलेकडे बघत होती. "आन जावयाच्या तोंडावर कसं म्हनायचं, तुमची मशीन जरा वाईट चालवा म्हनून? तुमच्या धंद्याला नाव ठिवल्यासारकं होतंय."

मला हसावं की मशीनच्या चाकाखाली जाऊन झोपावं, कळेना. त्यांना पाहिजे होती ढिली मशीन. मलाही पाहिजे होती ढिली मशीन. शब्द राखायलाही ढिलीच लागत होती आणि सरव्यालाही ढिलीच. एकाच हँडलवर सगळ्यांचं भलं होतं, आणि आम्ही तिघांनी एकमेकांचा मान राखत राखत ते उलट्या बाजूला फिरवलं होतं. अजूनही कुणी विचारलं तर मी सांगतो, चूक माझी नव्हती. मीनाक्षीही तेच म्हणते, स्वतःबद्दल. सासूबाईही.

उरलेलं रान त्या दिवशी कापलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात कढई नव्हती. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उठलाव का? चला, दहिवर हाय. खायाचं मागून बगू." दहिवरात मशीन घातली, ड्रम हळू, जाळी सैल. शेंगा मागे पडत होत्या आणि बाया गाणी म्हणत त्या वेचत होत्या. सासूबाई पायरीजवळून चालत होत्या. आता बोलायची गाठ सुटली होती, तर त्या थांबेनात. "हळू घ्या की. तिकडं दगूड हाय. वळताना पीक कशामुळं तुडवायलाव?" मला जुनी रीत आठवून जरा भरून आलं.

दाणा मात्र अख्खा आला.

पण तो उरलेल्या तुकड्याचा होता. घरी बसून सगळ्यांनी निवडलं तेव्हा चांगलं बी कसंबसं शब्द दिलेल्या घरांपुरतं भरलं. सासूबाईंनी एकेका घराचं वेगळं बांधून ठेवलं आणि दिवाळी आली तसं ज्याचं त्याला दिलं. स्वतःला ठेवायला काही उरलं नाही. फुटक्याची डाळ मात्र भरपूर झाली. त्या पावसाळ्यात सासुरवाडीला गेलो की राजम्याचं वरण, पुन्हा गेलो की राजम्याचं वरण. मी मुकाट्यानं खात होतो.

पेरणीच्या आठवड्यात आम्ही तिथेच होतो. शेजारची राजम्याची रानं पेरून होत होती, आणि ज्यांनी तो पहिल्यांदा उगवून दाखवला त्या सासूबाई आपल्या रानासाठी हरभरा काढून बसल्या होत्या. मी म्हणालो, "मी आणतो बी, लातूरहून." त्या म्हणाल्या, "गावाला म्हनलं बाजारात जाऊ नका, आन मीच जाऊ व्हय?" बोलणं तिथेच मिटलं. त्या हरभऱ्यातले खडे निवडायला लागल्या. निवडताना त्यांचे हात मला बघवेनात.

तेवढ्यात सोजरबाई आणि तिच्या बाया अंगणात आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर काहीतरी होतं. कुणाचं गाठोडं, कुणाची पाटी, एकीचा पत्र्याचा डबा. सोजरबाईनं आपलं गाठोडं सोडलं. आत राजमा. सरव्यातला. घरी नेऊन काठीनं बडवलेला, निवडलेला, राखेत घोळून ठेवलेला. मी मूठ भरून घेतली आणि दाणा दाणा उलटून बघितला. एकालाही चीर नव्हती.

"खाल्ला न्हाईत व्हय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"निम्मा खाल्ला की," सोजरबाई म्हणाली. "समदा कसा खाईन? तू पेरला न्हाईस तर आमी खुरपावं कुनाचं?" मग ती माझ्याकडे वळली. "पर पाव्हणं, हे फुकट न्हाई हां. फुडच्या साली बी मशीन अशीच वाईट चालली पायजे. शिकून शहाणं होऊ नका."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलाव न्हवं?"

"ऐकलं," मी म्हणालो.

त्या साली गावात सगळ्यात दाट राजमा सासूबाईंच्या रानात उगवला. ते बी तेवढं माझ्या मशीननं मळलेलं नव्हतं.